ससा सुकं गवत खात नाही? ‘नको’ आहे की ‘जमत नाही’, ते आधी ओळखा

जुलैमधली सकाळ. नवीन पोतं उघडून मी गवताची जुडी भुऱ्याच्या जाळीत खोचली. तो आला, नाक फुरफुरवत दोनदा हुंगलं, एक काडी दातांनी ओढून काढली आणि तिथेच टाकून दिली. मग पाठ फिरवून स्टीलच्या वाटीपाशी जाऊन बसला. वाटी रिकामी होती. त्याने ती दातांत धरून उचलली आणि फरशीवर आपटली.

ससा पाळणाऱ्या घरांना हा प्रसंग नवा नाही. आमच्याकडे तीन वर्षांत तो तीनदा आला. तिन्ही वेळा वरवर सगळं सारखंच दिसत होतं: जाळी भरलेली, वाटी चाटूनपुसून रिकामी, आणि ससा गवताकडे ढुंकूनही बघत नाही. पण कारण दर वेळी वेगळं निघालं. पहिल्यांदा वाटी, दुसऱ्यांदा दाढ आणि तिसऱ्यांदा खुद्द गवत. आम्ही मात्र दर वेळी मागच्या वेळचाच उपाय आधी करून बघितला. दुसऱ्या वेळी त्यापायी भुऱ्याने पाच दिवस दुखणं अंगावर काढलं. दुसऱ्या कुणाच्या सशावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. ससा फक्त गवत नाकारत असेल आणि बाकी नीट खात असेल, तर पुढे सावकाश वाचा. पण त्याने सगळंच सोडलं असेल, दहा-बारा तास तोंडात काही गेलं नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील किंवा अगदी बारीक पडत असतील, अंग चोरून कोपऱ्यात बसून तो दात खात असेल, तर वाचत बसू नका. डॉक्टरांकडे न्या, रात्र असली तरी. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की पोटात वायू साठतो, आणि सशाला ओकताही येत नाही. पोट टणक लागत असेल तर घरी जबरदस्तीने काही भरवू नका.

गवताचा एवढा आग्रह का, तेही थोडक्यात सांगते. सशाला २८ दात असतात आणि ते जन्मभर वाढत राहतात. समोरचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवताची लांब काडी चघळताना जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, आणि त्या फिरण्यातच दाढा झिजतात. कांडी खाद्य (दुकानात मिळणाऱ्या, दाबून केलेल्या छोट्या कांड्या) किंवा गाजर खाताना जबडा फक्त वरखाली होतो, तेवढ्याने दाढा झिजत नाहीत. शिवाय आतडं पुढे ढकलायला जो चोथा लागतो, तो गवतातूनच मिळतो. म्हणून मोठ्या सशाच्या रोजच्या खाण्यात ८० ते ८५ टक्के गवत हवं. मोजायचं कसं? ससा बसल्यावर जेवढा दिसतो, तेवढा गवताचा ढीग रोज संपला पाहिजे.

पहिली तपासणी: त्याला नको आहे, की जमत नाही?

हे आम्हाला फार उशिरा कळलं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला शेजारी शांत बसा. सशाची भूक पहाटे आणि तिन्हीसांजेला जागी होते, दुपारी बघून काही कळत नाही. ताजी जुडी ठेवा आणि फक्त तोंडाकडे लक्ष द्या.

ज्याला नको असतं, तो हुंगतो आणि निघून जातो. किंवा जुडी विस्कटतो, त्यातली हवी ती पाती वेचतो आणि बाकीचं तुडवतो. ज्याला जमत नाही, तो धावत येतो. भुऱ्या धावत येत होता. काडी तोंडात घ्यायचा, दोन-तीनदा चावायचा, थांबायचा, मान किंचित वाकडी करायचा आणि ओली काडी तशीच खाली पडायची. मग पुन्हा दुसरी काडी. जाळीखाली अशा अर्धवट चघळलेल्या दहा-बारा काड्या पडलेल्या असायच्या, आणि आम्ही म्हणत होतो, बघा किती नखरे करतोय! कोथिंबीर मात्र खात होता, कारण ती मऊ. कांडी खाद्यही हळूहळू मागे राहायला लागलं. पाचव्या दिवशी लेकीने त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “आई, याची हनुवटी ओली आहे.”

हनुवटी ओली असणं, एका डोळ्यातून पाणी येणं, कडक सोडून मऊ तेवढंच खाणं, लेंड्या लहान होत जाणं: यातलं काहीही दिसलं तर गवत बदलत बसू नका. समोरचे दात घरी दिसतात, दाढा दिसत नाहीत. डॉक्टरांनी तोंडात नळीचं छोटं उपकरण घालून पाहिलं, तेव्हा खालच्या एका दाढेला टोक आलेलं निघालं. ते प्रत्येक घासाला जिभेला टोचत होतं. भूल देऊन दाढ घासली, आणि तिसऱ्या दिवशी तेच जुनं, आमच्या मते ‘नावडतं’ गवत त्याने मागून मागून खाल्लं.

या निमित्ताने दोन सूचना. समोरचे दात वाढलेले दिसले म्हणून नेलकटरने कापू नका, दात उभा चिरतो. आणि सशांची नेहमीची सवय असलेले डॉक्टर शोधून ठेवा, दुखणं येण्याआधीच. कुत्र्या-मांजरांना भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, सशाला तसं ठेवायचं नसतं. पेनिसिलिनच्या जातीची काही औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या जिवावर बेततात. हे ज्यांना सांगावं लागत नाही, असे डॉक्टर हवेत.

दुसरी तपासणी: वाटी

दात ठीक असतील तर गवताला नावं ठेवण्याआधी वाटी वजनकाट्यावर ठेवा. भुऱ्या पहिल्या वर्षाचा होता तेव्हा आम्ही सकाळ-संध्याकाळ मूठ-मूठ कांडी खाद्य घालत होतो. एकदा मोजलं तर दिवसाचं १०० ग्रॅमच्या वर गेलं. त्याचं वजन पावणेदोन किलो. मोठ्या सशाला किलोमागे २० ते २५ ग्रॅम, म्हणजे याला ४० ग्रॅमच्या आसपास, एवढंच पुरतं. त्यात आल्यागेल्याने दिलेलं गाजर, बिस्किटाचा तुकडा, पोळीचा काठ, भिजवलेले हरभरे. भोरची मावशी आली होती, तिने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, “अगं, पोरांना जेवायच्या आधी शंकरपाळे दिलेस तर पोरं भाजी-पोळी खातील का? मग हा कशाला गवत खाईल?”

खरं होतं तिचं. पण यावर काही जण जो उपाय सांगतात, तो अजिबात करू नका: “दोन दिवस काहीच देऊ नका, भूक लागली की खाईल.” ससा असा हट्ट सोडत नाही. उपाशी राहिला की आतडं मंदावतं, भूक आणखी मरते, आणि अंगाने भरलेल्या सशाच्या यकृतावर चरबी चढते. वाटी एकदम काढायची नाही, कमी करत न्यायची. आम्ही तीन-चार दिवसांनी दहा-दहा ग्रॅम उतरवत तीन आठवडे घेतले. सकाळी फक्त गवत, भाजीपाला दुपारनंतर, वाटी संध्याकाळी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परडीत बसवून आठवड्यातून दोनदा वजन केलं. वजन भराभर उतरायला लागलं असतं तर तिथेच थांबलो असतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लेंड्यांचा रंग बदलला. काळपट, चिवट, बारीक लेंड्या जाऊन मोठ्या, फिक्या, बोटांत चुरल्या तर गवताचा भुसा दिसेल अशा पडायला लागल्या. गवत पोटात जातंय की नाही, ते जाळीपेक्षा लेंड्या खरं सांगतात.

तिसरी तपासणी: गवत

इथे मात्र सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे.

दुकानात मिळणारं तिमोथी हे थंड हवेतलं गवत. आपल्या पठारावर ते पिकत नाही, परदेशातून दाबून भरलेल्या पिशवीत येतं. गवत म्हणून ते उत्तमच, पण एकाच नावाखाली दोन पिशव्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्या कापणीचं जाड काड्यांचं आणि तुऱ्यांचं, दुसऱ्या कापणीचं पानाळ, तिसऱ्याचं अगदी मऊ. एका पिशवीवर ताव मारणारा ससा त्याच नावाच्या दुसऱ्या पिशवीकडे बघत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. कापणी लिहिलेली असेल तर नखरेल सशाला दुसरी घ्या. लिहिलेली नसेल तर पारदर्शक पिशवीतून पाती जास्त की काड्या जास्त, ते बघा.

आमचं तिसऱ्या वर्षीचं पोतं काड्यांचं होतंच, वर पावसाळ्यात आलेलं होतं. मूठभर काढून खिडकीच्या उजेडात झटकलं तर पांढरी धूळ उडाली. वास ओल्या गोणपाटासारखा कुबट. भुऱ्या शिंकत होता, आणि आम्ही ते खाण्यासाठी त्याच्या मागे लागलो होतो! बुरशी धरलेलं गवत ऊन दाखवून परत चांगलं होत नाही. असं गवत सशाने नाकारलं तर त्याचं ऐकायचं आणि ते टाकून द्यायचं.

मग मी इकडच्या गवताच्या मागे लागले. पहिल्याच फेरीत चुकले. गावठाणातल्या एका गोठ्यावर जाऊन विचारलं, “दादा, सशासाठी घास मिळेल का?” त्यांनी आनंदाने हिरवीगार पेंढी दिली. भुऱ्याने तीन आठवडे ती अक्षरशः ओरबाडून खाल्ली. मग त्याच्या ट्रेमध्ये चुना कालवल्यासारखी दाट पांढरी लघवी दिसायला लागली. आमच्या भागात घास म्हटलं की लसूणघास मिळतो. लसणाशी त्याचा काही संबंध नाही, तो द्विदल चारा आहे. दुकानात ‘अल्फाल्फा’ म्हणून विकतात तो हाच. प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, म्हणून सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला चालतो. मोठा ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकतो, त्याचाच तो चुना. बरसीमही त्याच जातीचा. तेव्हा मागताना ‘घास’ म्हणू नका, ‘सुकं गवत’ म्हणा, आणि पेंढी उलगडून पाहा. तीन-तीन पानांचे झुबके दिसले तर ते मोठ्या सशाचं रोजचं खाणं नव्हे.

आपल्याकडे चालण्यासारखं काय आहे? माझी पहिली पसंती ओटाला. रब्बीत दुभत्या जनावरांसाठी तो पेरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा त्याचाच वाण. ओंबी नुकतीच बाहेर पडलेली असताना कापून सुकवलेला ओट गोडसर लागतो, दांडा पोकळ आणि कुरकुरीत असतो. तिमोथीला नाक मुरडणारे ससे ओट सहसा नाकारत नाहीत. फक्त दाणा भरून पिवळा झाल्यावर कापलेला घेऊ नका, मग ससा ओंब्या तेवढ्या वेचतो आणि धान्य खाल्ल्यासारखंच होतं.

दुसरं, डोंगरउताराचं गवत. मारवेल, पवना, शेडा ही आपली जुनी चाऱ्याची गवतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी होते. मावशीच्या गावाहून मारवेलचा भारा आला तेव्हा त्याचा वासच वेगळा होता, गंजीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा. पण या गवतांत एक शत्रू हमखास मिसळलेला असतो, तो म्हणजे कुसळी. तिची काळपट, पीळदार शेपटीची कुसळं कपड्यांना टोचतात हे माळावरून चालत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तीच कुसळं सशाच्या हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात घुसतात. म्हणून कुसळी फुलोऱ्यात येण्याआधी कापलेलं गवत मागायचं, आणि तरीही जुडी-जुडी हाताने चाळून मगच द्यायची. मी ताटात पसरून चाळते, धान्य निवडतात तसं. दहा मिनिटं जातात, पण ती वाचवायची नाहीत.

तिसरं आपल्या अगदी दाराशी आहे: हराळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. अमेरिकेत ‘बर्म्युडा’ गवत म्हणून ज्याच्या गासड्या बांधतात, ते हेच गवत. कोवळ्या ताज्या दूर्वा बहुतेक ससे आवडीने खातात, आणि ज्याला सुकं गवत म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याला वळवायला यासारखा पूल नाही. पहिले दिवस ताज्या द्या, मग एक दिवस वाळलेल्या, मग दोन दिवसांच्या, शेवटी पूर्ण सुक्या. त्याच्या लक्षातही येत नाही. मात्र त्या कुठून आणता ते बघा. शेतकऱ्याला हराळी म्हणजे तण, तिच्यावर तणनाशक फवारलेलं असतं. रस्त्याकडेची धुराची नको, सोसायटीच्या बागेतलीही माळीदादांना विचारल्याशिवाय नको. आणि यंत्राने कापलेल्या लॉनचा ओला चुरा कधीच नको, तो लवकर गरम होऊन आंबायला लागतो.

काही गोष्टी सुचवल्या जातात, पण त्यांच्या नादी लागू नका. भाताचा पेंढा आणि गव्हाचं काड खाली अंथरायला छान, खाण्यात मात्र त्यात सत्त्व नाही. कडब्याचा आणि हत्तीगवताचा दांडा सशासाठी फार जाड. हिरवी कोवळी ज्वारी तर घरात आणूच नका, तिच्यात विषारी द्रव्य असतं आणि गुरंही तिने दगावतात. कडबाकुट्टीतून काढलेली कुट्टीही टाळा. लांब काडी चघळण्यातच सगळा फायदा आहे, बोटभर तुकड्यांत तो उरत नाही.

घरी सुकवणं आणि पावसाळा काढणं

दूर्वा किंवा कुंडीतला ओट घरी सुकवता येतो. गच्चीवर जुनी सुती साडी पसरा, गवत पातळ अंथरा, पहिला अर्धा दिवस ऊन द्या आणि पुढचे दोन-तीन दिवस वारा लागेल अशा सावलीत. दिवसातून दोनदा खालीवर करा. सगळा वेळ कडक उन्हात ठेवलं तर रंग आणि वास दोन्ही उडतात, आणि ससा नाकाने निवडतो. सुकलं की नाही, ते पात्यावरून नाही, दांड्याच्या पेऱ्यावरून बघा. पेरं नखाने दाबल्यावर ओल जाणवली तर आणखी एक दिवस. अर्धवट ओलं गवत पिशवीत भरलं की दुसऱ्या दिवशी आत हात घातल्यावर उबदार लागतं. तिथूनच बुरशीला सुरुवात.

साठवायचं ते गोणपाटात किंवा उशीच्या सुती अभ्र्यात, फरशीवर न टेकवता पाटावर, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. जून ते सप्टेंबर मात्र मी पंधरा दिवसांपुरतंच गवत बाहेर ठेवते. बाकीचं मेमधल्या कोरड्या उन्हात तापवून, पूर्ण गार करून पत्र्याच्या घट्ट डब्यात. पावसाने उघडीप दिली की रोजची जुडी तासभर उन्हात ठेवून मग द्या, मऊ पडलेली काडी पुन्हा कुरकुरते आणि वास वर येतो.

जागेचंही थोडं महत्त्व आहे. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून जाळी त्याच्या ट्रेच्या वरच, बसल्या बसल्या तोंड पोचेल इतकी खाली लावा. भुऱ्याची जाळी आम्ही ‘स्वच्छतेसाठी’ दुसऱ्या टोकाला लावली होती. ती हलवल्यावर दोन दिवसांत खाणं वाढलं. दिवसातून तीन-चारदा नुसतं हाताने हलवून वरखाली केलं तरी तो नवीन आल्यासारखा धावतो. सुकवलेला पुदिना किंवा तुळशीची चार पानं मध्ये चुरून टाकली तर संशयी ससाही नाक आत घालतो.

नवीन पोत्याबाबत आमच्या घरचा नियम असा: जुनं संपायच्या पंधरा दिवस आधी नव्यातलं मूठभर नमुन्याला आणायचं, सलग दोन संध्याकाळी त्याच्यापुढे ठेवायचं, आणि त्याने खाल्लं तरच पोतं घ्यायचं. मग चार मुठी जुन्यात एक मूठ नवं, असं करत दोन आठवड्यांत बदलायचं. आता जाळीत ओट आणि मारवेल मिसळून असतं. एकाच गवताची सवय लागली की ते मिळेनासं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून दोन तरी हवीतच.

आज सकाळी जाळी बघितली. तळाशी मारवेलच्या जाड काड्या तेवढ्या उरल्या होत्या, ओटाचं एक पातं नव्हतं. हनुवटी कोरडी. यंदा कापणीला मावशीकडे जाऊन भारा मी स्वतः निवडून आणणार आहे, आणि मावसभावाला आत्ताच सांगून ठेवलंय की कुसळीला तुरा यायच्या आत बांधावरचा तो तुकडा आधी काप.